सुखाचं जेवण

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला एक चैन फुकट मिळते. चारचौघांत, मोठ्यानं, हवं ते बोलता येतं. अलीगंजच्या बाजारात दुकानदाराच्या पुढ्यात उभी राहून मी नवऱ्याला सांगते, "रंग छान आहे, पण तोंडावर दाखवू नकोस, नाहीतर हा भाव सोडायचा नाही," आणि भैया हसतमुखानं पुढचं कापड उलगडत असतो. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघं शेजाऱ्यापाजाऱ्यांवर राजरोस शेरे मारत आलो आहोत. अठरा वर्षांत ही सवय इतकी मुरली की हळू बोलायचं असतं हेच मी विसरले. मुळात माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई मी पाचवीत असल्यापासून सांगत होती.

मुलगी लहान असताना या खेळाला हसायची. आता सोळाची झाली आणि तिला आमची लाज वाटते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "मम्मी, यार, किसी दिन पकड़ी जाओगी," असं ती मला कितीदा तरी म्हणाली होती. मी पकडले गेले ते लखनौपासून फार लांब, जैसलमेरच्या वाळवंटात, एका रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलमध्ये.

नवरा रेल्वेत इंजिनियर. रेल्वेवाल्यांच्या घरात सुट्टीला कुठे जायचं हे पास आणि गाड्यांचं वेळापत्रक ठरवतं. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली, लखनौवर धुकं उतरलं, आणि पुढच्या वर्षी मुलीची बारावी म्हणजे कुठे जाणं नाही, म्हणून आम्ही चारबागहून जोधपूरची गाडी धरली. तिथून टॅक्सी. बरोबर बाबा होते, म्हणजे माझे सासरे.

बाबा माण तालुक्यातल्या शाळेत मास्तर होते. सासूबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते आमच्याकडे आले. येताना दोन पिशव्या, एक रेडिओ आणि कंपवात एवढं सामान घेऊन आले. उजवा हात आधी नुसता थरथरायचा, मग चमच्यातलं अर्धं वाटेतच सांडायला लागलं. घरी मी त्यावर व्यवस्था लावली होती. उभ्या काठाची ताटली, जाड दांड्याचा चमचा, मांडीवर जुना टॉवेल, आणि आमच्या अर्धा तास आधी त्यांचं पान. जेवून झालं की पुसून घ्यायचं आणि मग आम्ही बसायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान मला तरी नाही. त्यांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, त्यांचं मऊ शिजवलेलं सगळं मीच बघत होते आणि चोख बघत होते. फक्त आमचं रविवारचं बाहेर जेवणं बंद झालं होतं. कधी पार्सल आणायचं, नाहीतर दोघांनी जायचं आणि एकानं घरी थांबायचं.

निघण्याआधी मी नवऱ्याला एकदा विचारलं होतं, "चार दिवस सगळी जेवणं बाहेर. बाबांचं कसं करायचं?"

"जेवतील की. तिथे काय उपाशी ठेवतात?"

पूल बांधताना हा माणूस शंभर गोष्टींचा विचार करतो म्हणे. घरी मात्र सगळं आपोआप होतं अशी त्याची श्रद्धा आहे.

रिसॉर्ट वाळूच्या टेकड्यांजवळ होता. तंबू म्हणायचे, पण आत पलंग, गीझर, आरसा, सगळं. जेवण एका मोठ्या हॉलमध्ये, बुफे. पहिल्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, तुम्ही बसा, मी वाढून आणते. ते ऐकेनात. आपलं ताट आपण घ्यायचं होतं त्यांना. त्यांची ताट मांडायची एक पद्धत आहे, जी त्यांनी आयुष्यात मोडलेली नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. तिथल्या कोशिंबिरीला सॅलड म्हणत होते आणि लिंबू भलत्याच टोकाला होतं. बाबा शांतपणे त्या टोकापर्यंत गेले, लिंबाची फोड घेऊन परत आले, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी घेतली, कढी घेतली, आणि मग ते भरलेलं ताट दोन्ही हातांत धरून आमच्या टेबलाकडे निघाले.

निम्म्या वाटेत हात सुटला. कढी गालिच्यावर, गट्टे एका परक्या बाईच्या चपलांपाशी, आणि स्टीलचं ताट असं वाजलं की सगळा हॉल वळला. वाढपी धावले. "कोई बात नहीं बाबूजी, कोई बात नहीं." मग सगळा हॉल परत आपापल्या ताटाकडे वळला. मी हसून सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत बाबांना खुर्चीवर बसवलं आणि दुसरं ताट आणलं. त्यांनी त्यातले दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "मला काही विशेष भूक नाही. खोलीतच वरण-भात पाठवा. तुम्ही जा."

मी एकदाच "चला ना बाबा" म्हटलं. ते नको म्हणाले. मी पडत्या फळाची आज्ञा मानली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघंच जेवलो. बाहेर अंगणात गाणं-बजावणं चाललं होतं. बाजरीची गरम रोटी, वर तूप आणि गूळ, केर-सांगरीची सब्जी, लसणाची लाल चटणी. मी निवांत, गरम गरम, दुसऱ्यांदा जाऊन वाढून आणलं. आणि खुर्चीला पाठ टेकून, नेहमीच्या आवाजात, म्हणजे खणखणीत, म्हटलं, "खरं सांगू? आज किती दिवसांनी सुखानं जेवले. समोर तो थरथरणारा हात नाही, सांडलेलं पुसायचं नाही. घशाखाली घास उतरतो तरी."

नवरा ताटात बघत म्हणाला, "असं बोलू नये."

"का? इथे कोणाला कळतंय?"

"मुझे समझ आता है, मम्मी," मुलगी म्हणाली आणि उठून गेली.

मला राग आला. आठवड्यातून एकदा तरी त्या टॉवेलला तुम्ही दोघांनी हात लावा आणि मग मला शिकवा, असं काहीतरी मनात म्हणत मी गोडाच्या टेबलापाशी गेले. खिरीचं भांडं उघडलं. शेजारी बांधणीची ओढणी घेतलेली एक साठीची बाई उभी होती. आमच्या पाठच्याच टेबलावर दहाएक बायकांचा घोळका बसला होता, त्यातली. ओढण्या बघून मी त्यांना तिकडच्याच समजले होते.

ती बाई म्हणाली, "खीर नका नेऊ, फार घट्ट झालीय. आजोबांसाठी मुगाचा हलवा न्या. मऊ आहे."

स्वच्छ मराठीत. ओढण्या त्यांनी सकाळीच किल्ल्यावर विकत घेतल्या होत्या. दहाच्या दहा बायका नाशिकच्या. डिसेंबरात निम्मा महाराष्ट्र राजस्थानात फिरायला येतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अठरा वर्षं मराठी फक्त स्वतःच्या घरात ऐकणाऱ्या बाईच्या ते डोक्यातही आलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मी "हो, हो" म्हटलं आणि हलवा घेतला. पहिल्यांदा शरम वाटली असं सांगायला मला आवडेल, पण पहिल्यांदा संतापच आला. लोकांनी दुसऱ्याच्या टेबलावरचं ऐकावंच का? शरम नंतर आली, खोलीत बाबांच्या हातात वाटी देताना. "कसं होतं जेवण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठीक होतं." त्यांनी हलव्याची चव घेतली, छान आहे म्हणाले. मी त्यांचा टॉवेल नीट केला आणि पडद्याची दोरी बांधत उभी राहिले.

सकाळी उठून बाहेर येते तर काय, हिरवळीवरच्या खुर्च्यांवर बाबा आणि त्या नाशिकच्या काकू. बाबा हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना असं मान मागे टाकून हसताना पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून? नात हिंदीत उत्तर देते, मुलगा ऑफिसातून येतो तो फोन कानाला लावूनच, आणि मी त्यांच्याशी बोलते ते गोळ्यांबद्दल. जानकीपुरमला एक मराठी कुटुंब आहे, ते दिवाळीला येतं. बाकी बाबांचं मराठी रेडिओसारखं बंद करून ठेवलेलं. हे मला त्या हिरवळीवर उभं राहून कळलं, आणि तरी माझ्या मनात पहिला प्रश्न एकच आला: हिनं सांगितलं की काय?

चहाचे कप घेऊन मी तिथे गेले. काकू मोट, बैल आणि कुठल्याशा विहिरीबद्दल विचारत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या, बसा." मी बसले नाही. तो सगळा दिवस चोराच्या मनात चांदणं. बाबा माझ्याकडे बघून काही पुटपुटले की वाटायचं, कळलं. गप्प बसले की वाटायचं, कळलंच.

अकराच्या सुमाराला बाबांनी जाहीर केलं, "मी आज दुपारी यांच्याबरोबर गावात जेवायला जातोय. दाल-बाटी. तुम्हीही या हवं तर."

नवरा खूश. मी मात्र चिडले. आमच्याबरोबर खोलीबाहेर पडत नाहीत, आणि आज सकाळच्या ओळखीच्या बायकांबरोबर निघाले.

जैसलमेरच्या किल्ल्यासमोर एका हॉटेलच्या गच्चीवर ती पंगत बसली. बाबा त्या बायकांच्या लांब टेबलाशी, मधोमध. आम्ही तिघं बाजूच्या छोट्या टेबलाशी. बाटी कुस्करून खायची असते. हातानं फोडायची, वर तूप आणि डाळ ओतायची, चुरमा कालवायचा. दहा बायका दोन्ही हातांनी बाट्या फोडत होत्या, तुकडे उडत होते, तूप कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि कोणी कोणाला हसायचं हेच ठरत नव्हतं. बाबांच्या कुर्त्यावर डाळीचा मोठा डाग पडला. काकूंनी तो बघितला, बोटानं दाखवला, काहीतरी म्हणाल्या. बाबांनी मान खाली घालून डाग बघितला आणि आपलं विहिरीचं पुढे सुरू केलं. कोणी पुसायला धावलं नाही. माझा हात आपोआप रुमालाकडे गेला होता.

"दादाजी कितना खा रहे हैं!" मुलगी म्हणाली.

मला हेवा वाटला. दोन वर्षं हा माणूस माझ्या हातचं खातोय. वरण गाळून, भात गिचका करून, मिरची काढून मी घालते, आणि इथे तिखट डाळीच्या वाटीवर वाटी चालली आहे. मला मनापासून वाटलं की त्यांनी थोडंसं तरी आजारी पडावं. ते पडले नाहीत.

तो घोळका संध्याकाळी जोधपूरला जाणार होता. बसजवळ सगळे उभे असताना काकू माझ्यापाशी आल्या. ओढणी नीट करत हळूच म्हणाल्या, "मी काही बोलले नाही हो त्यांना." मी "थँक्यू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बस गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बाबा बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभे होते, आणि मला एकदम वाटलं, की उद्या लखनौला जाऊन पुन्हा अर्धा तास आधी यांचं पान मांडायचं, आणि माझं ते सुखाच्या जेवणाचं वाक्य पोटात ठेवून रोज त्यांना वाढत राहायचं. ते मला जमणार नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही. या बाबतीत तो गुण निघाला की अवगुण, देव जाणे.

शेवटच्या दिवशी सकाळी नवरा आणि मुलगी उंटावरून टेकड्यांकडे गेले. बाबा नऊ वाजता आपण होऊन हॉलमध्ये नाश्त्याला आले. मराठी गिऱ्हाइकांसाठी पोहे ठेवले होते, पिवळेजर्द, वर शेव पसरलेली. मी त्यांना आणि मला वाढून आणलं. समोरासमोर बसलो. हॉल जवळजवळ रिकामा होता. तरी मी आधी चारी बाजूंना बघून घेतलं. उशिरा का होईना, एवढी अक्कल आली होती.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. परवा तुम्ही खोलीत जेवलात ना, तेव्हा मी इथे म्हणाले की आज सुखानं जेवले. तुमचा हात समोर नाही म्हणून. मोठ्यानं म्हणाले. त्या काकूंनीही ऐकलं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत बसले. वाटलं, आता ते गावी परत जातो म्हणतील. त्याचीच मला खरी भीती होती. बंद घर, एकटा माणूस, तो हात आणि गॅसची शेगडी. आणि ते गेले असते तर माझ्या त्या एका वाक्यामुळे गेले असते.

"मीही परवा खोलीत सुखानं जेवलो," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"तू समोर नव्हतीस ना."

ते मास्तरांच्या आवाजात, न रागावता, गणिताची पायरी समजावून सांगावी तसं बोलत होते.

"माझा हात हलायला लागला की तू दुसरीकडे बघतेस. पंख्याकडे, खिडकीकडे, नाहीतर उठून पाणी आणायला जातेस. मग मला कळतं, आता सांडणार. आणि सांडतं. आत्ता बघ, मिठाकडे बघते आहेस. ती बाई सरळ बघत होती. डाळ पडली तर म्हणाली, मास्तर, डाळ पडली. की झालं."

मी मान वर केली.

मी आजवर याला अदब समजत होते. लखनौनं मला एवढी एक गोष्ट शिकवली आहे, की समोरच्याची फजिती झाली तर आपण पाहिलीच नाही असं वागायचं. वाढपी तसंच वागले होते, तो सगळा हॉल तसाच वागला होता. आणि घरी, त्यांच्या ताटासमोर, मीही दोन वर्षं तेच करत होते असं माझं मत होतं. त्यात अदब किती होती आणि किळस किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. बाबांना मात्र दोन्ही सारखंच लागलं होतं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"बघ."

त्यांनी चमचा उचलला. मी बघितलं. आधी अंगठा हलायला लागला, मग मनगट, मग चमच्याचं टोक. पोह्यांवरची शेव सांडली. एक शेंगदाणा घरंगळत ताटाच्या कडेला गेला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला, पुढे येईना, मागे जाईना. मला उठावंसं वाटलं. दोनदा वाटलं. टेबलाची कड धरून मी बसून राहिले. बाबांनी मान थोडी पुढे केली, हाताला वाट दिली, आणि उरलेले पोहे तोंडात गेले. हनुवटीवर एक पिवळा कण चिकटला होता. ते सावकाश चावत होते आणि माझ्याकडे बघत होते. माझे डोळे भरून आले होते, पण मी ते हलवले नाहीत.

घास गिळून ते म्हणाले, "जमेल. एका दिवसात नाही, पण सवयीनं जमेल तुला."